गिटारच्या तारा कधी बदलाव्यात आणि जास्त दिवस कशा टिकवाव्यात

रत्नागिरीत गिटार शिकवताना दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : "सर, गिटार सुरात लागतच नाही, काही बिघडलंय का बघा ना." गिटार हातात घेऊन तारांवरून बोट फिरवले की ते जागोजाग अडखळते आणि बोटाच्या टोकाला तांबूस डाग लागतो. गिटार ठणठणीत असते, तारा मात्र संपलेल्या असतात. मग पुढचा प्रश्न येतो, "तारा किती महिन्यांनी बदलायच्या?" या प्रश्नाचे उत्तर महिन्यांत देता येत नाही, असे माझे इतक्या वर्षांनंतरचे ठाम मत आहे. तारेचे आयुष्य तीन गोष्टींवर ठरते : ती किती तास वाजली, वाजवणाऱ्याच्या हाताला घाम किती येतो आणि गिटार कोणत्या हवेत ठेवलेली असते. एकाच दिवशी एकाच कंपनीचे संच चढवलेल्या दोन गिटारांपैकी नागपूरची तीन महिन्यांनंतरही चांगली वाजत असते आणि मालवणची पाच आठवड्यांत गंजलेली असते, हे मी पाहिलेले आहे.

हा लेख मुख्यतः पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारबद्दल आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिच्यावरच होते. नायलॉनच्या तारा आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्याबद्दल जिथे वेगळे सांगायला हवे, तिथे ते सांगितले आहे.

तार कशाने खराब होते

अकूस्टिक गिटारच्या सहा तारांपैकी पहिल्या दोन, म्हणजे सर्वांत बारीक तारा, साध्या पोलादाच्या असतात. त्यांच्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. घरच्या पितळी भांड्याला आतून कल्हई करतात, तोच हा प्रकार. बाकीच्या चार तारांमध्ये मधोमध पोलादी तार असते आणि तिच्याभोवती दुसरी बारीक तार घट्ट गुंडाळलेली असते. ही वरची तार बहुधा दोन मिश्रधातूंपैकी एकाची असते. पाकिटावर '८०/२० ब्रॉन्झ' लिहिलेले असेल तर तिच्यात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त असते, म्हणजे नाव ब्रॉन्झ असले तरी ते खरे तर पितळ आहे. 'फॉस्फर ब्रॉन्झ' असेल तर तांब्यात साधारण ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. हा प्रकार दादारिओ कंपनीने १९७४ मध्ये गिटारच्या तारांसाठी आणला आणि आज अकूस्टिक गिटारवर तोच जास्त दिसतो.

पितळेची समई चार दिवस पुसली नाही तर कोकणात ती कशी काळवंडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ८०/२० तारेची चमक लवकर का जाते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या तारा नव्या असताना अतिशय झळझळीत वाजतात, पण तो झळझळीतपणा लवकर ओसरतो. फॉस्फर ब्रॉन्झचा आवाज थोडा उबदार असतो आणि तो टिकतोही जास्त.

नुसत्या हवेपेक्षा घाम अधिक वाईट. घामात मीठ असते आणि मिठामुळे पोलाद गंजण्याची क्रिया वेगाने होते. त्यात त्वचेचे तेल आणि मृत त्वचेचे सूक्ष्म कण मिसळतात आणि गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांमध्ये जाऊन बसतात. तारेचा आवाज खुला येतो तो तिच्यातल्या वरच्या उपस्वरांमुळे, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या बारीक, उंच स्वरांमुळे. वेढ्यांत मळ भरला की हे उपस्वर आधी दबतात. मूळ स्वर तसाच राहतो, पण आवाज 'बसतो' आणि डब्यातून आल्यासारखा वाटू लागतो. हे इतके हळूहळू घडते की रोज वाजवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

तिसरे कारण डोळ्याला सहज दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीच्या गिटारवरून उतरवलेली तिसरी तार मी उलटी करून भिंगाखाली धरली होती. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, जिथे ती रोज दाबली जात होती, तिथे तारेच्या खालच्या अंगाला छोटे सपाट खड्डे पडले होते आणि एका जागी वेढा जवळजवळ झिजून आतले पोलाद दिसत होते. अशी तार सगळीकडे सारख्या जाडीची आणि सारख्या वजनाची राहत नाही. ज्या तारेचे वजन लांबीभर सारखे नाही, तिचे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत. त्यामुळे मोकळी तार सुरात लावली तरी वरच्या फ्रेटवर ती बेसूर लागते. "गिटार सुरात लागतच नाही" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

मग किती दिवसांनी बदलायच्या

रोज साधारण तासभर सराव करणाऱ्याने साध्या, म्हणजे कोटिंग नसलेल्या तारा सहा ते आठ आठवड्यांनी बदलाव्यात. आठवड्यातून दोन-तीन वेळाच गिटार हातात घेणाऱ्याला त्या तीन-चार महिने पुरतात. रोज तीन-चार तास वाजवणाऱ्याला दोन ते तीन आठवड्यांच्या पुढे चांगला आवाज मिळत नाही. कार्यक्रम करणारे अनेक व्यावसायिक वादक प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाआधी संच बदलतात. यात चैनीचा भाग नाही. ऐन कार्यक्रमात तार तुटू नये आणि आवाज प्रत्येक वेळी सारखा यावा, यासाठी ते हे करतात. मात्र कार्यक्रमाच्या तासभर आधी नव्या तारा चढवू नयेत. त्या ताणून स्थिर होईपर्यंत सूर उतरत राहतो, म्हणून आदल्या दिवशी बदलून तास-दोन तास वाजवून घ्याव्यात. ध्वनिमुद्रणाचेही तसेच. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी तारा बदलायला सांगतो. तेवढ्या वेळात नव्या तारेचा अतिरिक्त खणखणाट कमी होतो आणि बोटांनाही तिची सवय होते.

हे आकडे कोरड्या हवेसाठी आणि सामान्य हातांसाठी आहेत. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा काळ निम्मा धरावा. ज्यांच्या तळहातांना सतत घाम येतो त्यांनीही निम्माच धरावा. काही जणांच्या घामाने तारा दोन दिवसांत काळ्या पडतात. तो त्यांच्या शरीराचा गुण आहे. स्वच्छतेत कसूर झाली म्हणून असे होते, असे समजून मुलांना रागावू नये.

गिटार महिनोन्महिने कपाटावर पडून होती, म्हणून तारा नव्याच आहेत, असे समजणारे पालक मला वारंवार भेटतात. तसे नसते. न वाजवलेली तारही दमट हवेत गंजते. वर्षभर पडून राहिलेली गिटार मुलाच्या हाती देण्याआधी संच बदलावाच, कारण गंजलेल्या तारेवर बोटे सोलवटून निघतात आणि मूल आठवड्यात शिकणे सोडते. दोष मात्र "याला आवडच नाही" असा मुलावर येतो, याचे मला फार वाईट वाटते.

इलेक्ट्रिक गिटारवर बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा असतात. त्या ब्रॉन्झपेक्षा थोड्या जास्त टिकतात, पण बारीक असल्यामुळे आणि बोटांनी बाजूला ताणून वाजवल्या जात असल्यामुळे तुटतात लवकर. क्लासिकल गिटारच्या नायलॉन संचात वरच्या तीन तारा साध्या नायलॉनच्या असतात आणि खालच्या तीन तारांमध्ये नायलॉनच्या अनेक तंतूंवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. या खालच्या तारा, त्यातही चौथी, आधी संपतात. म्हणून खालच्या तारा दोनदा आणि वरच्या एकदा बदलल्या तरी चालते. बास गिटारच्या तारा जाड असल्याने महिनोन्महिने चालतात, आणि काही वादकांना तर जुन्या तारांचाच दबका आवाज हवा असतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बास वाजवणारे जेम्स जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलतच नसत, हे प्रसिद्धच आहे. तो आवाज हवा असेल तर जुनी तार ही निवड ठरते. पण ती कान देऊन केलेली निवड असावी, आळसामुळे तशीच राहिलेली तार नव्हे.

बदलायची वेळ आली का, हे कसे ओळखावे

पहिली परीक्षा बोटाची. प्रत्येक तारेच्या खालच्या अंगाला बोट लावून ते नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत सावकाश सरकवावे. खरखर लागली किंवा खड्डा जाणवला तर तार संपत आली आहे. मग उजेडात तारांचा रंग पाहावा. फ्रेटबोर्डवरचा, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीवरचा, भाग काळपट आणि ब्रिजजवळचा, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला अडकवतात तिथला, जिथे हात लागत नाही तो भाग अजून सोनेरी दिसत असेल, तर फरक पुरेसा बोलका आहे.

तिसरी परीक्षा सुराची, आणि माझा सर्वांत जास्त विश्वास तिच्यावर आहे. ट्यूनर लावून मोकळी तार नेमकी सुरात आणावी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट हलकेच टेकवून, न दाबता, तार छेडावी. घंटेसारखा स्वर येईल. आता त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवावी. दोन्ही स्वर सारखेच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा किंवा उतरता येत असेल आणि तारा जुन्या असतील, तर आधी तारा बदलून पुन्हा तपासावे. नव्या तारांवरही फरक राहिला, तर मात्र सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) किंवा तारांची उंची यांत दोष आहे आणि गिटार कारागिराला दाखवावी लागेल. आधी कारागिराकडे नेऊन पैसे खर्च करायचे आणि शेवटी त्याने फक्त तारा बदलून द्यायच्या, असे अनेकदा घडते. ते या एका परीक्षेने टळते.

एक तार तुटली तर एकच बदलावी की सगळा संच, हा नेहमीचा प्रश्न. संच दोन आठवड्यांच्या आतला असेल तर एकच बदलावी. जुना असेल तर सगळा बदलावा, कारण पाच बसलेल्या तारांमध्ये एक नवी तार वेगळीच ठणठणते आणि तुटलेली तार बहुधा बाकीच्यांचीही अवस्था सांगत असते.

संच घेताना

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. दुकानात कोणी "बाराचा सेट" मागतो तेव्हा त्याला पहिली तार ०.०१२ इंचाची, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची, असलेला संच हवा असतो. अकूस्टिक गिटारसाठी ०.०१२ ते ०.०५३ हा संच 'लाइट' म्हणून ओळखला जातो आणि बऱ्याच गिटार त्यावरच बनवलेल्या असतात. नवशिक्यांना मी ०.०१० किंवा ०.०११ चा संच देतो. आवाज थोडा कमी मिळतो, पण बोटे दुखत नाहीत. इलेक्ट्रिकवर ०.००९ आणि ०.०१० हे संच सर्वाधिक चालतात. पोलादी तारा क्लासिकल गिटारवर कधीही चढवू नयेत. बाराच्या संचाचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि नायलॉनसाठी बनवलेली गिटार तो पेलू शकत नाही. तिचा ब्रिज उखडतो किंवा वरची फळी फुगते. उलट, ब्रॉन्झच्या तारा इलेक्ट्रिक गिटारवर लावून उपयोग नाही, कारण तिथले पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे भाग, चुंबकावर चालतात आणि ब्रॉन्झ चुंबकाला दाद देत नाही.

कोटेड तारा घ्याव्यात का? दमट हवेत राहणाऱ्यांना माझे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे. या तारांवर अतिशय पातळ पॉलिमरचा थर असतो, त्यामुळे घाम आणि मळ वेढ्यांत शिरत नाही. गोअर-टेक्स कापड बनवणाऱ्या डब्ल्यू. एल. गोर कंपनीने १९९७ मध्ये 'एलिक्सर' नावाने अशा तारा बाजारात आणल्या आणि त्यानंतर इतर कंपन्याही या मार्गाला लागल्या. किंमत साध्या संचाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत जाते, पण त्या टिकतातही साधारण तितक्याच पट. शिवाय तारा बदलण्याचे कष्ट वाचतात. नव्या साध्या तारांइतका झळझळीतपणा सुरुवातीला मिळत नाही आणि पिक, म्हणजे तार छेडायची नखी, लागते त्या जागी काही महिन्यांनी थराचे बारीक तंतू सुटू लागतात, एवढ्या त्यांच्या मर्यादा आहेत. ज्याच्या घामाने तारा आठवड्यात काळ्या पडतात त्याने विचार करत बसू नये, कोटेडच घ्याव्यात.

नकली संचांपासून सावध राहावे. नामांकित कंपनीच्या नावाचा, निम्म्या किमतीचा संच मी एकदा घेतला. दुसऱ्या दिवशी पहिली तार टोकाला असलेल्या धातूच्या गोळ्याजवळच्या पिळातून सुटली आणि आठवडाभरात चौथीचा वेढा सैल होऊन झणझणू लागला. तेव्हापासून मी ओळखीच्या वाद्यांच्या दुकानातूनच तारा घेतो आणि पाकिटाची छपाई, आतले सीलबंद वेष्टन पाहून घेतो. दादारिओच्या संचात प्रत्येक तारेच्या टोकाच्या गोळ्याला वेगळा रंग असतो : पहिलीचा चंदेरी, दुसरीचा जांभळा, तिसरीचा हिरवा, चौथीचा काळा, पाचवीचा लाल आणि सहावीचा पितळी. कोणती तार कोणती हे त्यावरून चटकन कळते.

तारा बदलण्याची रीत

घाई नसेल अशा वेळी बसावे. पहिल्यांदा करताना तासभर लागतो, सवय झाली की वीस-पंचवीस मिनिटे. टेबलावर जाड चादर पसरून गिटार उताणी ठेवावी आणि मानेखाली गुंडाळलेला टॉवेल द्यावा. तार कापण्याचा पक्कड, खुंट्या फिरवायचा वाइंडर, ट्यूनर आणि दोन सुती फडकी जवळ असावीत. वाइंडर पन्नास-शंभर रुपयांत मिळतो आणि मनगट वाचवतो, तो घ्यावाच.

आधी जुन्या तारा पूर्ण सैल कराव्यात. ताणलेली तार कधीही कापू नये. ती चाबकासारखी उसळते आणि डोळ्याला इजा होऊ शकते. सैल झाल्यावर हवे तर मधोमध कापाव्यात, म्हणजे काढायला सोपे जाते. सहाही तारा एकदम काढल्या तर मान वाकेल अशी भीती अनेकांना असते. साफसफाईपुरत्या तासभर तारा नसल्या तर नेहमीच्या अकूस्टिक गिटारला काही होत नाही. मात्र फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर तारा एकेक करून बदलाव्यात, नाहीतर ब्रिजचा सगळा समतोल पुन्हा बसवत बसावे लागते.

ब्रिज पिन, म्हणजे तार ब्रिजच्या भोकात धरून ठेवणारी खिळी, निघत नसेल तर पकडीने ओढू नये, ती तुटते किंवा भोवतालच्या लाकडाचा टवका निघतो. सैल तार आधी खाली, भोकात ढकलावी, म्हणजे आत अडकलेला गोळा सुटतो. मग वाइंडरच्या टोकाला असलेल्या खाचेत पिन धरून वर उचलावी. तरीही हलली नाही तर ध्वनिछिद्रातून हात घालून नाण्याच्या कडेने पिनेचे टोक खालून वर ढकलावे.

तारा निघाल्यावर फ्रेटबोर्ड साफ करण्याची हीच संधी असते. कोरड्या फडक्याने पुसून, फ्रेटच्या कडेला साचलेला मळ जुन्या मऊ टूथब्रशने काढावा. शिसवी म्हणजे रोझवूडच्या, पॉलिश नसलेल्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन लावावेत आणि लगेच पुसून टाकावेत. पॉलिश केलेल्या मेपलला तेल लावू नये. स्वयंपाकघरातले तेल कुठल्याच लाकडाला लावू नये, ते खवट होते आणि मळ धरते. नटच्या खाचांत शिसपेन्सिलीचे टोक फिरवावे. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे तार खाचेत अडकत नाही आणि सूर लावताना 'टक्' करून उडी मारत नाही.

आता नवी तार. सहाव्यापासून सुरुवात करावी. गोळ्याच्या अगदी वर तारेला बोटाने हलकासा बाक द्यावा आणि गोळा भोकात सोडावा. पिनेची खाच फ्रेटबोर्डच्या दिशेला करून ती बसवावी आणि पिन अंगठ्याने दाबून धरत तार दुसऱ्या हाताने वर ओढावी. गोळा आतल्या लाकडी पट्टीला 'टच्' होऊन बसल्याचे हाताला कळते. हा क्षण महत्त्वाचा आहे. गोळा पट्टीला न लागता पिनेच्या टोकावर अडकून राहिला, तर ताण येताच पिन उडते. नवशिक्यांच्या हातून होणारी सर्वांत नेहमीची चूक हीच. म्हणून थोडा ताण दिल्यावर पिन पुन्हा एकदा दाबून पाहावी.

तारेचे दुसरे टोक खुंटीच्या भोकातून ओवून ताणावे आणि मग साधारण शेजारच्या खुंटीपर्यंतच्या अंतराइतकी, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, ढील ठेवावी. इतक्या ढिलीने जाड तारेचे दोन-तीन वेढे पडतात. बारीक तारांना चार-पाच वेढे लागतात, म्हणून तिथे ढील थोडी जास्त ठेवावी. भोकातून बाहेर आलेले टोक काटकोनात मोडून घ्यावे, म्हणजे तार घसरत नाही. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या असलेल्या हेडस्टॉकवर तारा खुंट्यांच्या आतल्या बाजूने जायला हव्यात. त्यासाठी समोरून पाहता डाव्या बाजूचे खुंटे घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि उजव्या बाजूचे काट्यांच्या दिशेने फिरतात. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली पडावा, एकावर एक चढू देऊ नये. वेढे एकमेकांवर चढले की तार वाजवताना हळूहळू घसरते आणि सूर उतरतो. डाव्या हाताच्या तर्जनीने तार नटच्या खाचेत धरून ठेवत उजव्या हाताने वाइंडर फिरवला की वेढे आपोआप नीट पडतात. जास्तीचे टोक तार सुरात आल्यानंतरच कापावे. आधी कापले तर काही तारांचा वरचा वेढा सैल होतो.

सहाही तारा सुरात आणल्यावर त्या ताणून घ्याव्यात. बाराव्या फ्रेटजवळ एकेक तार चिमटीत धरून फ्रेटबोर्डपासून साधारण इंचभर हळूच वर ओढावी, पुन्हा सुरात आणावी. असे तीन-चार वेळा केल्यावर सूर उतरणे थांबते. पहिल्या दोन तारांना जास्त जोर लावू नये. नायलॉनच्या तारा मात्र तीन-चार दिवस ढिल्या पडतच राहतात, तिथे धीर धरावा. त्या ब्रिजला गोळ्याने अडकवत नाहीत, तर भोकातून ओवून स्वतःभोवतीच दोन-तीनदा पिळून बांधतात. शेवटचा पीळ ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली, भिंतीसारख्या बाजूवर यायला हवा, नाहीतर गाठ सुटते आणि तार फळीवर चाबकासारखी बसून खूण उमटते.

तारा टिकवण्यासाठी

सगळ्यांत परिणामकारक उपाय सगळ्यांत साधा आहे : वाजवण्याआधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि वाजवून झाल्यावर तारा पुसाव्यात. पुसण्याचीही रीत आहे. कोरडे सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके घेऊन प्रत्येक तार वेगळी चिमटीत धरावी, फडके तारेच्या खालूनही यायला हवे, आणि नटपासून ब्रिजपर्यंत दोन-तीनदा ओढावे. नुसते वरून पुसले तर तळाचा मळ तसाच राहतो, आणि गंज तिथेच आधी धरतो. माझ्या वर्गात पांढरे फडके मुद्दाम ठेवले आहे. अर्ध्या तासाच्या वादनानंतर त्यावर सहा करड्या-हिरवट रेघा उमटतात. त्या एकदा पाहिल्यावर मुलांना पुसण्याची आठवण करावी लागत नाही.

वडापाव, भजी किंवा आंबा खाऊन थेट गिटारला हात लावणे हा तारांवर अन्याय आहे. तसेच हातांना लावलेले तेल आणि क्रीमही.

गिटार भिंतीवर टांगलेली सुंदर दिसते, पण पावसाळ्यात ती केसमध्ये किंवा निदान जाड बॅगेत ठेवावी. खिडकीजवळ आणि बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावा शोषून निकामी झाल्या की बदलाव्यात. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये ठेवायचा छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो असेल तर अंदाजाने काही करावे लागत नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत परिस्थिती बरोबर उलटी असते. तिथे सिलिका जेल काढून टाकावे, कारण अति कोरड्या हवेत तारा टिकतील, पण लाकूड आकसून फ्रेटची टोके बाहेर येतात आणि फळीला भेग जाते.

सुगम संगीताला किंवा भजनाला साथ करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. गायकाची पट्टी काळी एक किंवा काळी दोन असली, की गिटारच चढवून लावण्याचा मोह होतो. तारेवरचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे सगळी गिटार अर्धा स्वर चढवली तर ताण १२ टक्क्यांनी आणि पूर्ण स्वर चढवली तर २६ टक्क्यांनी वाढतो. एका गणेशोत्सवात मी असाच पूर्ण स्वर चढवून बसलो आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यात तिसरी तार तुटली. गायिकेने गाणे सावरून नेले, पण तिचा लागलेला सूर माझ्यामुळे हलला, ही बोच अजून आहे. तेव्हापासून मी कॅपोच, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटाच, वापरतो. कॅपोही काम झाल्यावर लगेच काढून ठेवावा, रात्रभर एका जागी दाबलेला राहू देऊ नये.

तार पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल, तर तिच्यापेक्षा त्या जागेत दोष असतो. खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाची कड धारदार आहे. नटपाशी तुटत असेल तर खाच अरुंद आहे आणि तार तिच्यात आवळली जाते. सॅडलवर तुटत असेल तर सॅडलच्या माथ्यावर तारेने चीर पाडली आहे. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती कड हलकेच गोल केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. मात्र सॅडलची उंची घटणार नाही इतक्याच बेताने घासावे. फ्रेटवर तुटत असेल तर फ्रेट झिजला आहे, ते काम कारागिराचे.

जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवण्याचा उपाय बासवादकांमध्ये प्रचलित आहे. त्याने वेढ्यांतला मळ सुटतो आणि आवाज काही दिवस खुलतो, हे खरे आहे. बासचा संच महाग असतो, म्हणून तिथे एखाद्या वेळी तो समजण्यासारखा आहे. गिटारच्या तारांवर तो करू नये. फ्रेटचे खड्डे उकळून भरून येत नाहीत, उलट आत राहिलेल्या पाण्याने गंज लवकर धरतो, आणि एकदा मोडलेले टोक पुन्हा खुंटीवर चढवताना तार तिथेच तुटते.

उतरवलेल्या तारा गुंडाळून, टोके आत मुडपून जाड पाकिटात भरून भंगारात द्याव्यात. सुटी टोके कचऱ्यात टाकली तर कचरा उचलणाऱ्यांच्या हातात ती सुईसारखी घुसतात, आणि फरशीवर पडलेला तुकडा रांगत्या मुलाच्या गुडघ्यात. आणि नव्या संचाचे रिकामे पाकीट टाकून न देता त्यावर तारा चढवल्याची तारीख लिहून ते केसमध्ये ठेवावे. पुढचा संच चढवताना जुन्या पाकिटावर उतरवल्याची तारीखही लिहावी. अशी चार-पाच पाकिटे साठली की तुमच्या हाताला, तुमच्या घरच्या हवेत एक संच नेमका किती दिवस पुरतो हे त्यावरून वाचता येते. माझ्या केसमधली पाकिटे सांगतात की मला जानेवारीत नऊ आठवडे मिळतात आणि जुलैत चार.